जिताड्याचा कौल

पनवेलच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले की मला पंख्यांची काळजी वाटायला लागते. छताच्या पंख्यांची नव्हे. सर्व्हरच्या पोटात तळहाताएवढे पंखे असतात, त्यांची. बाकीची माणसं त्या ढिगांपुढे उभी राहून घासाघीस करतात, पिवळा घ्यायचा की केशरी यावरून नवरा-बायको एकमेकांचा अंत पाहतात, आणि मी एक पाकळी चिमटीत धरून ती किती चिवट आहे, वाळल्यावर कुठे जाऊन बसेल, याचा अंदाज घेत असते. फुलवालीला वाटतं, बाई फार चोखंदळ आहे. काल तिने मला ढिगाच्या मधली ताजी फुलं काढून दिली आणि वर म्हणाली की देवाच्या कामाला असं पारखूनच घ्यावं. मी मान डोलावली. तिला काय सांगणार?

नवरात्रातलं इथलं ऊन हा एक स्वतंत्र छळ आहे. पाऊस गेलेला असतो, पण त्याचा ओलावा मुक्कामाला मागे राहिलेला असतो. खाडीवरून येणारा वारा अंगाला चिकटतो. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या ट्रेलरांनी रस्त्यावरच्या चिखलाची एव्हाना बारीक धूळ करून ठेवलेली असते आणि ती चिकट अंगावर बसते, म्हणजे पुन्हा चिखल. कामोठ्यात आमच्या सोसायटीत गरब्याच्या स्पीकरची चाचणी सकाळपासूनच सुरू होते. एकच माणूस एकाच माइकमध्ये नऊ दिवस हॅलो हॅलो करत राहतो आणि पलीकडून कोणी उत्तर देत नाही. जिन्यात भगरीचा आणि दाण्याच्या आमटीचा वास असतो. या सगळ्यात माझं मन मात्र एका पत्र्याच्या खोलीत जाऊन बसतं, जिथे एसी होता, पण त्याचं पाणी बादलीत पडायचं आणि ती बादली रिकामी करणं हे सर्वांचंच काम असल्यामुळे कोणाचंच नव्हतं.

मी लोकांचे जुने लिनक्स सर्व्हर अद्ययावत ठेवते. हे वाक्य मी ज्यांना ज्यांना ऐकवलं, त्यांनी पुढच्या मिनिटाला मला आपला बिघडलेला प्रिंटर दाखवला आहे. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला. आमची सून मशिनींना औषधपाणी करते, असं त्या सांगतात आणि लोकांना ते लगेच पटतं. या कामाची गंमत अशी की ते चोख झालं तर काहीच घडत नाही. सकाळी माणसं कामावर येतात, बटण दाबतात, सगळं कालच्यासारखंच चालतं आणि माझ्याकडे बघून विचारतात, मग तुम्ही नक्की केलं काय? त्यातून लिनक्सचा स्वभाव सोशिक. एकदा नीट लावून दिला की कोपऱ्यात वर्षानुवर्षं मुकाट चालतो. दुखलं खुपलं सांगत नाही. बाहेर रोज नव्या चोरवाटा सापडत असतात, त्या बुजवायचे उपाय निघत असतात, आणि हा इकडे दारंखिडक्या सताड उघड्या टाकून इमानेइतबारे काम करत बसलेला. अशांना हात लावायला गेलं की मालकांचं एकच उत्तर असतं: चालतंय ना. मला वाटतं, आपल्याकडचं निम्मं जग या दोन शब्दांवर उभं आहे, आणि उरलेलं निम्मं 'बघू'वर.

नानांचं यार्ड गोवा हायवेला लागून. बंदरात उतरलेले कंटेनर तिथे आणून थप्प्यांनी रचून ठेवायचे. दोन थप्प्यांच्या फटीतून कर्नाळ्याचा सुळका दिसतो, पण तो बघायला फुरसत कोणाला? नाना आगरी, सत्तरीचे, पांढरा सदरा, बोलणं कमी. घरची भातशेती आणि मिठागर कधीच गेलेलं. कुठे रस्ता आला, कुठे इमारती आल्या. हा एकच तुकडा हाताशी उरला होता आणि त्यावर त्यांनी यार्ड उभं केलं. थोरला मुलगा दुबईत, धाकट्याला या धंद्यात रस नाही. दोघेही फोनवर विकून टाका म्हणायचे. एक बिल्डर दर सणाला मिठाईचा खोका पाठवायचा. नाना तो ड्रायव्हर लोकांत वाटून टाकायचे आणि स्वतः तुकडाही तोंडात घालायचे नाहीत. त्या वर्षी घटस्थापनेला मात्र मी त्यांना त्या खोक्यातला पेढा खाताना पाहिलं. तेव्हाच मला समजायला हवं होतं.

यार्डाचा सगळा कारभार त्या पत्र्याच्या खोलीतल्या तीन सर्व्हरांवर. कुठला कंटेनर कधी आला, कुठल्या थप्पीत कितवा आहे, गेटातून कोणाला सोडायचं, सगळं त्यांच्या पोटात. ते बंद पडले तर यार्डात नुसते रंगीत डबेच डबे, कशात कांदा आहे आणि कशात यंत्रांचे सुटे भाग हे देवालाही सांगता येणार नाही. ही मशिनं लावून देणारा इंजिनियर खवय्या असावा. त्याने त्यांना खाडीतल्या मासळीची नावं ठेवली होती: जिताडा, बोंबील आणि निवटा. मग तो कॅनडाला निघून गेला. क्रेन चालवणाऱ्या इस्माईलचाचांची नात तेव्हा पाळण्यात होती. ती सायकलवरून शाळेत जायला लागली तरी जिताडा एकदाही बंद झाला नव्हता. कोणाची छातीच झाली नव्हती.

मशिनांची खरी मालकीण होत्या आत्या, नानांची थोरली बहीण सुंद्राबाई. लहानपणी त्या याच जागेच्या बाजूला मिठागरात मीठ ओढायच्या. नवऱ्यामागे माहेरी परत आल्या त्या यार्डाच्याच झाल्या. नवरात्राचे नऊ दिवस त्यांचा कडक उपास, आणि उपासात मासळीचं नावही तोंडात घ्यायचं नाही. त्यामुळे नऊ दिवस त्या सर्व्हरांना मोठा, मधला आणि धाकला म्हणायच्या. मी फोनवर कोणाला 'जिताडा गरम झालाय' म्हटलं की त्या माझ्याकडे अशा बघायच्या की मलाच आंघोळ करून यावंसं वाटायचं.

तर त्या वर्षी नवरात्राच्या तोंडावर एका बोट कंपनीकडून ईमेल आली. नानांचं बहुतेक काम त्यांचंच. त्यांनी म्हटलं होतं की तुमची गेटची मशिनं फार जुनी आहेत, असुरक्षित आहेत. दसऱ्यापर्यंत ती अद्ययावत झाली नाहीत तर आमच्या यंत्रणेशी तुमची जोडणी तोडू. जोडणी तुटली की कंटेनर दुसऱ्या यार्डात जाणार. मला बोलावणं आलं. मी बोंबील आणि निवटा चालू आहेत तसेच दोन दिवसांत मार्गी लावले. जिताडा राहिला. त्याची गोष्ट निराळी, कारण तो बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं, आणि इतकी वर्षं न झोपलेलं मशीन एकदा झोपलं तर उठेलच असं छातीठोकपणे कोण सांगणार? मी नानांना हे अगदी सभ्य शब्दांत समजावलं. मी सगळ्या माहितीची एक प्रत एका नव्या मशीनवर घेतली आहे, तेव्हा जीव टांगणीला लावायचं कारण नाही, हेही सांगितलं.

नानांनी सुळक्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमी करा काय करायचं ते. यो उठला त यार्ड ऱ्हाईल. नाय उठला त मी बिल्डरला सही करून टाकतो. आता ह्याचाच कौल."

कोकणात देवाला कौल लावतात. देवाच्या अंगाला फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं पडलं तर हो, डावीकडचं पडलं तर नाही. मुलीच्या सोयरिकीपासून विहिरीच्या जागेपर्यंत सगळं त्यावर ठरतं, आणि माझा त्याला आक्षेप नाही. पण मी आजवर कोणा देवाच्या वतीने काम केलेलं नव्हतं. मी त्यांना पुन्हा सांगितलं की प्रत आहे, यार्ड बुडणार नाही, हा नाही उठला तर दुसरा लावू. नानांनी मान हलवली. त्यांना दुसरा नको होता. त्यांना खरं तर सर्व्हरही नको होता. इतकी वर्षं एकट्याने ओढलेलं हे सगळं पुढे ओढायचं की खाली ठेवायचं, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि घरात सांगणारं कोणी नव्हतं. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

आता जिताडा बंद करायचा कधी? बंदर कधी बंद नसतं, म्हणून यार्डही नसतं. वर्षातून एकच दिवस, खंडेनवमीला. त्या दिवशी हत्यारांना आराम. क्रेनचा हात खाली येतो, फोर्कलिफ्ट धुऊन उभे राहतात, पाने, जॅक, साखळ्या सगळं घासूनपुसून गोणपाटावर मांडलं जातं आणि आत्या प्रत्येकाला हळदकुंकू लावतात. इस्माईलचाचा सकाळपासून क्रेन पुसत बसतात. आत्यांना ते आपाजी म्हणतात, आणि आपाजींनी टिळा लावल्याशिवाय वर्षभर गाडी नखरे करते, असं त्यांचं पक्कं मत. सर्व्हरांचीही पूजा व्हायची. अकरा पाकळ्या, अक्षता, कुंकू आणि समोर तेलाचा दिवा.

मी खंडेनवमीचं नाव काढलं आणि आत्या हटून बसल्या. पूजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, चालवायचं नाही, आणि मी तर ते उघडून त्याच्यात नवीन काय काय भरणार. आमची चर्चा बराच वेळ चालली. शेवटी मी म्हटलं की आत्या, हे चालवणं नाही, ही आंघोळ आहे. पाने घासता तसंच. त्यावर त्या विचारात पडल्या आणि निकाल दिला की आंघोळ असेल तर पूजेच्या आधी घाल. आंघोळ पुरी झाल्याशिवाय पूजा नाही. मी आनंदाने हो म्हटलं. पूजा नाही म्हणजे नैवेद्य नाही, नैवेद्य नाही म्हणजे यार्डातल्या एकाही माणसाला जेवण नाही, हे माझ्या लक्षात दुसऱ्या दिवशी आलं.

जुनं लिनक्स एकदम नवं करता येत नाही. चौथीतल्या पोराला थेट दहावीला बसवता येत नाही, तसं. प्रत्येक इयत्ता ओलांडावी लागते. सकाळी जिताडा पहिल्या इयत्तेला बसला तेव्हा बाहेर पाण्याचे पाइप चालू होते, गाड्या धुणाऱ्यांची गाणी चालू होती. तो दुसरीत गेला तेव्हा गाड्या वाळल्या होत्या. तिसरीपर्यंत बाहेर तांदळाच्या भाकऱ्यांची चळत उभी राहिली आणि वालाच्या बिरड्याचा वास पत्र्याच्या फटीतून आत यायला लागला. ड्रायव्हर मंडळी आलटून पालटून दारात डोकावायची. आधी मशीनकडे बघायचं, मग माझ्याकडे, मग निघून जायचं. परीक्षेच्या हॉलबाहेर उभे असलेले पालक बरे असतात.

आत्या माझ्या शेजारी खुर्ची टाकून पडद्यावरची पळती अक्षरं बघत बसल्या होत्या. मध्येच मशीन थांबून प्रश्न विचारायचं. काय विचारतो, म्हणून त्या विचारायच्या. मी सांगायची, की इथे जुनी मांडणी आहे, ती ठेवू की नवीन घेऊ, असं विचारतोय. त्या क्षणाचाही विलंब न लावता म्हणायच्या, जुना ठेव. गंमत म्हणजे मशीनची स्वतःची शिफारसही दर वेळी तीच असायची. चौथ्या-पाचव्या प्रश्नानंतर त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या की पोरगा वलणाचा हाय.

शेवटी सगळ्या इयत्ता संपल्या आणि मी मशीन बंद केलं. खोलीत एकाएकी इतकी शांतता झाली की बादलीत पडणारा एसीचा थेंब ऐकू आला. तो आवाज इतकी वर्षं पंख्यांच्या घरघरीखाली दबलेला होता. नाना दारात येऊन उभे राहिले. मी बटण दाबलं. दोन दिवे लागले, एकदा किंकाळल्यासारखी शिट्टी वाजली आणि पडदा काळा झाला. मी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. त्या काळ्या पडद्यावर मला इमारती दिसायला लागल्या, तळाला पार्किंग, वर स्विमिंग पूल. नाना मागे वळायला लागले.

मी मशीनचं झाकण काढलं आणि तिथे सापडला सगळा खुलासा. इतक्या वर्षांच्या खंडेनवम्या आत बसल्या होत्या. वाळलेल्या पाकळ्या, अक्षता, कुंकवाची भुकटी, दिव्याच्या तेलकट धुरात मळून त्याचा लगदा झालेला, आणि तो मुख्य पंख्याच्या बुडाशी लिंपलेला. पंखा फिरत होता तोवर सवयीने फिरत राहिला. एकदा थांबला तसा जागच्या जागी बसला. पंखा फिरत नाही म्हटल्यावर मशीनही शहाण्यासारखं सुरू व्हायला नकार देत होतं. आत्या वाकून बघत होत्या. "माजाच कुंकू," त्या हळूच म्हणाल्या.

नाना दारातून म्हणाले की कौल झाला, आता राहू दे. मी जमिनीवर बसले होते, माझ्या हातात झाकण होतं, आणि मला त्यांना पुन्हा एकदा प्रतीबद्दल सांगायचं होतं, पण त्याचा उपयोग नाही हे मला माहीत होतं. आत्यांनी मात्र अंबाड्यातला आकडा काढला आणि पंख्याच्या पात्यांमधून पाकळ्या उकरायला लागल्या. मान वर न करता भावाला म्हणाल्या, "देवाला नीट इचारलं नाय तर देव काय सांगनार? कौल नाय मिळाला तर पुन्ना लावतात. आपल्या बाबाने म्हशीसाठी तीनदा लावलावता."

म्हैस नानांनाही आठवत होती. ते आत येऊन बहिणीशेजारी उकिडवे बसले. इस्माईलचाचांनी क्रेनचे नट पुसायचा बारीक ब्रश आणून दिला. पुढचा अर्धापाऊण तास आम्ही तिघं, म्हणजे आगरी मालक, त्यांची उपाशी बहीण आणि कामोठ्याची मी, त्या पंख्याभोवती काटा लागलेल्या पायाभोवती बसावं तसे बसलो होतो. मी त्यात थेंबभर तेल सोडलं. आत्यांनी बोटाने टिचकी मारली. पंखा गरकन फिरला.

तिसऱ्यांदा बटण दाबलं तेव्हा शिट्टी वाजली नाही. पंख्यांचा तो घरघरता आवाज पुन्हा सुरू झाला आणि मला हसू आणि रडू एकदमच आलं. तेवढ्यात पडद्यावर ओळ आली की या डिस्कची कित्येक वर्षांत तपासणी झालेली नाही, तेव्हा आता सक्तीने तपासणी होईल. बाहेर कोणीतरी भाकऱ्यांवर झाकण आपटलं. पण आता वाट बघायला माझी हरकत नव्हती.

आज त्या गोष्टीला बरीच नवरात्रं झाली. जगभर माझ्या व्यवसायातले बरेच लोक सर्व्हर अद्ययावत करायला महिन्यातला एक ठरलेला मंगळवार पाळतात. नानांच्या यार्डात संकष्टी पाळली जाते. तो आत्यांचा हुकूम आहे. संकष्टीला दुपारी त्यांचा फोन येतो, "केलीस का गो बाय आंघोल?" आणि मी झाली म्हणेपर्यंत त्या फोन ठेवत नाहीत. आता कुंकू दाराच्या चौकटीला लागतं, फुलं बाहेर तबकात राहतात. मी तरी दर वर्षी बाजारात झेंडू दिसला की पाकळी चिमटीत धरून बघते, हा माझा दोष. एखाद्या जुन्या मशीनला हात लावताना मी अजून घाबरते आणि मला वाटतं घाबरावंच. जे इतकी वर्षं न सांगता चाललं त्याला आपण एका दुपारी येऊन काय विचारतोय, याचं थोडं भान राहतं.

पण त्या दुपारचं शेवटचं मी कोणालाच सांगितलेलं नाही. जिताडा उठला तो गाजावाजा न करता. काळ्या पडद्यावर एक शब्द आला आणि त्याच्यापुढे एक रेघ लुकलुकायला लागली, बस. नानांनी विचारलं काय म्हणतो. मी म्हटलं, नाव विचारतोय, कोण आलंय ते. माझ्या दृष्टीने त्यात विशेष काहीच नव्हतं. दिवसातून पन्नास वेळा मला मशिनं नाव विचारतात.

आत्यांनी मात्र डोक्यावरून पदर घेतला आणि भावाला कोपराने ढोसलं. "सांग ना. तुजा नाव इचारतो."

नानांनी चपला दाराबाहेर काढल्या. परत येऊन हात जोडले आणि गाऱ्हाणं घालताना सांगतात तसं खणखणीत सांगितलं, "काशिनाथ जोमा. मुक्काम तळखार."

तळखार हे त्यांचं जन्मगाव. ते जिथे होतं तिथे आता एक सेक्टर आहे आणि त्याला नंबर आहे. रिक्षावाल्याला तळखार म्हटलं तर तो तुम्हाला भलतीकडे नेईल. नानांच्या तोंडून ते नाव मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं, आणि आत्यांनी ते ऐकून डोळे पुसले.

माझी बोटं कळफलकावर होती. मी नेहमीचं नाव टाकायला हवं होतं. मी नानांनी सांगितलं तेच टाकलं, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, वडिलांसकट आणि गावासकट. जिताड्याने नकार दिला. अशा कोणाला तो ओळखत नव्हता. मग मी माझ्या नावाने आत गेले, त्यांच्या नावाचं नवं खातं उघडलं आणि बाहेर आले. नाना अजून हात जोडूनच उभे होते. मशीनने पुन्हा नाव विचारलं. मी पुन्हा तेच लिहिलं, आणि या खेपेला त्याने त्यांना आत घेतलं.